मातृभाषेचा रकाना

तमिळनाडूत नेमणुकीवर असताना तंजावरच्या एका मराठी घरी जनगणनेचे प्रगणक आले होते. मातृभाषेच्या रकान्यावरून बापलेकांत मतभेद झाला. वडील म्हणाले, "मराठी." मुलगा म्हणाला, "शाळा, नोकरी सारे तमिळमध्ये. मग वेगळेपण कशाला?"

मला हा पेच अनाठायी वाटतो. व्यंकोजीराजे १६७६च्या सुमारास तंजावरला स्थिरावले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीबरोबर तेलुगूतही नाटके रचली. बृहदीश्वराच्या भिंतींवर १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास कोरला गेला, तो मराठीत.

प्रपत्रात मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा नोंदविता येतात. म्हणजे शासन निवड करायला सांगतच नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क (१९५६) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी अपेक्षा करतो. परंतु प्रशासन आकड्यांवर चालते. ज्यांची नोंद नाही, त्यांच्यासाठी शिक्षक कोण मागणार?

शेजाऱ्याची भाषा उत्तम शिकणे हे आपले कर्तव्य. स्वतःची भाषा नोंदविणे हेही कर्तव्यच. परप्रांतातील वाचकहो, प्रगणक दारी येईल तेव्हा दोन्ही सांगा.