आतून हॉटेल दिसत नाही

मित्रांनो, तुम्ही कधी मुंबईला गेटवे ऑफ इंडियापाशी गेला आहात का? गेला असाल तर तिथं पाठ फिरवून समोर पाहिलंच असेल. लाल घुमटाची, शेकडो खिडक्यांची ती ऐसपैस इमारत म्हणजे ताजमहाल हॉटेल. तिच्याकडे पाहून प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो. आत काय असेल हो?

हाच प्रश्न साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एका लहान मुलीला पडला होता. ती मुलगी म्हणजे माझी आई.

आईचे वडील गोदीत कामाला होते. महिन्यातून एखाद्या रविवारी ते मुलांना गेटवेला न्यायचे. जाताना बस, येताना पायी, आणि मध्ये एका आण्याचे शेंगदाणे. सगळी भावंडं समुद्राच्या कठड्यावर बसायची. आई मात्र समुद्राकडे पाठ करून हॉटेलच्या खिडक्या मोजायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, आतल्या लोकांना काय दिसतं?"

आजोबा म्हणाले, "त्यांना समुद्र दिसतो. आपल्याला समुद्रही दिसतो आणि हॉटेलही दिसतं. मग जास्त कोणाला दिसतं, सांग बघू?"

हा किस्सा आईनं आम्हाला इतक्या वेळा सांगितला आहे, की आमच्या घरात ती म्हणच होऊन बसली. कुणी हिरमुसला, की दुसरं कुणी तरी म्हणणारच, "जाऊ दे रे, आपल्याला हॉटेलही दिसतं!"

यंदा आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं, आईला एक रात्र त्या खिडकीच्या आत न्यायचं. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले. आईला कळलं तेव्हा मात्र ती खूश होण्याऐवजी रागावलीच. "एका रात्रीचे एवढे? अगं, त्यात घरचा दीड महिन्याचा किराणा येईल! झोपायचंच ना? झोप काय इथं येत नाही?"

खरं सांगू? तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्याही मनात ते होतंच. पण सहावीतली माझी भाची मोठी हुशार. ती म्हणाली, "आजी, आपण ते पैसे कुठं कुठं जातात ते बघून येऊ. मी वहीत लिहीन." हिशेब म्हटल्यावर आई तयार झाली!

आईच्या पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा होता, हे आम्हाला दारात पिशवी तपासणीच्या यंत्रात गेली तेव्हा कळलं. "असू दे," आई म्हणाली, "पाहुण्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये."

आत जाण्याआधी एक गंमत सांगते. आपल्याला वाटतं, आधी गेटवे झाला आणि मग त्याच्यासमोर हॉटेल. उलटं आहे बरं का! ताजमहाल हॉटेल सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी. गेटवे खुला झाला तो १९२४ मध्ये. म्हणजे पहिली वीस वर्षं या हॉटेलच्या समोर गेटवे नव्हताच. शेजारचा उंच मनोरा तर १९७० च्या दशकातला. आईनं लहानपणी खिडक्या मोजल्या तेव्हा तोही नव्हता.

आणखी एक. मुंबईत एक अफवा फार जुनी आहे, की बांधणाऱ्यांनी नकाशा उलटा धरला आणि हॉटेलची पाठ समुद्राकडे झाली. ती साफ खोटी. पूर्वी मुख्य दरवाजा मुद्दाम शहराच्या बाजूला ठेवला होता. घोडागाड्या तिकडून येत. म्हणजे वर्दळ मागच्या अंगाला आणि समुद्राची बाजू खोल्यांना मोकळी. त्या जुन्या दरवाजाच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे.

हे हॉटेल उभारलं जमशेटजी टाटा यांनी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला होता. माणसं शहर सोडून पळत होती. अशा काळात या माणसानं मुंबईत जगातल्या कोणत्याही शहराला शोभेल असं हॉटेल बांधायला घेतलं. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं असणार! हॉटेलात विजेचे दिवे आले, तेव्हा मुंबईतल्या बहुतेक घरांत रॉकेलचे दिवे होते. पहिल्या दिवशी पाहुणे आले किती? अवघे सतरा. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, जमशेटजी वारले. हॉटेलची भरभराट पाहायला ते राहिले नाहीत.

आतल्या भव्य जिन्याजवळ त्यांचा अर्धपुतळा आहे. भाचीनं वही काढली आणि पहिलं नाव लिहिलं, जमशेटजी टाटा. मी म्हटलं, "थांब, आणखी एक नाव लिही. सीताराम खंडेराव वैद्य." हे या इमारतीचे वास्तुविशारद. त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा होते. वैद्य यांच्या निधनानंतर चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं काम पुरं केलं. घुमट सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण वैद्यांचं नाव विचारा बरं कुणाला! आई लगेच म्हणाली, "आणि विटा वाहणारे? त्यांची नावं कुठं आहेत?" भाचीनं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एकीकडे लिहिलं 'दिसलेली माणसं', दुसरीकडे 'न दिसलेली माणसं'.

हॉटेलात एका ठिकाणी भिंतीवर ३१ नावं आहेत. तिथं आम्ही तिघी थांबलो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो दहशतवादी हल्ला झाला, त्यात या हॉटेलात ज्यांचा जीव गेला, त्यांची ही नावं. त्यांत पाहुणे होते आणि इथं काम करणारी माणसंही होती. कामगारांना मागचे जिने, स्वयंपाकघरातल्या वाटा, सगळं तोंडपाठ होतं. मनात आणलं असतं तर ते आधी निघून जाऊ शकले असते. पण त्यांच्यातले कितीतरी जण थांबले. अंधारातून पाहुण्यांना वाट दाखवत राहिले. जुनी इमारत दुरुस्त होऊन पुन्हा पूर्णपणे उघडली ती १५ ऑगस्ट २०१० रोजी. भाचीनं विचारलं, "आजी, ते का थांबले?" आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरी पाहुणा असताना आपण आधी बाहेर पडू का गं?"

आता खोलीची गोष्ट. खोली कसली, आमच्या घराचा हॉलच तिच्यात मावला असता! पांढरीशुभ्र गादी पाहून आई काठावर टेकली, ती तशीच बसून राहिली. "चादर चुरगळेल," म्हणाली. मी न्हाणीघरातल्या नळांशी दहा मिनिटं झटापट केली. गरम पाणी कोणत्या दिशेला ते कळेना! शेवटी भाचीनं दाखवलं. चहा आला, तेव्हा आणणाऱ्या दादाला आईनं आधी लाडू दिला आणि मग चहा घेतला.

भाचीची वही भराभर भरत होती. पिशवी तपासणारे काका, दार उघडणारे काका, सामान आणणारे, नाव नोंदवणारी ताई, जादा गादी घालणारे, चहा आणणारे. ही झाली दिसलेली. पण चहा केला कुणी? कपबशा कोण विसळणार? मग मी तिला सांगितलं, मोठ्या हॉटेलात प्रत्येक पलंगामागे चादरींचे निदान तीन जोड लागतात. एक पलंगावर, एक धुलाईत आणि एक कपाटात घडी करून ठेवलेला. म्हणजे धुणारे वेगळे, इस्त्री करणारे वेगळे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं पितळ काळवंडतं, काचांवर मीठ बसतं. ते पुसणारे आणखी वेगळे. रात्री आपण झोपतो, तेव्हा गरम पाण्याची आणि विजेची यंत्रं सांभाळणारे जागे असतात. उजव्या बाजूचं पान संपलं, तरी माणसं संपेनात.

पहाटे मला जाग आली, तर आई खिडकीशी उभी. मुंबईचा समुद्र म्हटला की आपल्याला सूर्यास्त आठवतो, चौपाटीवरचा. पण ही बाजू पूर्वेची आहे, बंदराची. इथं समुद्रातून सूर्य उगवताना दिसतो! पलीकडे रायगड जिल्ह्यातले डोंगर निळसर दिसत होते. अलीकडे गेटवेची काळी कमान आणि घारापुरीच्या लेण्यांकडे नेणाऱ्या लाँचा एकमेकींना टेकून डुलत होत्या. हळूहळू सगळं पाणी केशरी झालं. आई हळूच म्हणाली, "बाबांना हे दाखवायला हवं होतं."

आम्ही नाश्ता करून आलो. थोड्या वेळानं खोली आवरायला एक तरुण मुलगा आला आणि पलंगाकडे पाहून हसायलाच लागला. आईनं केव्हाच चादर झटकून, घड्या घालून, उशा रचून ठेवल्या होत्या! "आजी, माझं काम तुम्हीच केलंत!" तो म्हणाला. तो निघाला मालवणकडचा. मग काय, गप्पा रंगल्या. त्यानं भाचीला चादरीचा कोपरा कसा दुमडून गादीखाली खोचायचा ते दाखवलं. एकदा नाही, तीनदा. म्हणाला, "बारीक सुरकुती राहिली तर पाहुण्यांना दिसत नाही. पण मला दिसते ना!"

आईनं विचारलं, "तुझ्या आईनं पाहिलंय का रे हे सगळं?"

"नाही आजी. ती गावाला असते. फोटो दाखवलेत."

आई गप्प झाली. तो गेल्यावर तिनं भाचीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि चष्मा लावून लिहायला बसली. आम्हाला दाखवेना. निघताना तिनं ते पान दोन लाडवांसह उशीजवळ ठेवलं, तेव्हा मी हळूच वाचलं. लिहिलं होतं: 'हे तुझ्या आईला पाठव. बाई, तुमच्या मुलाच्या हाताला चांगलं वळण आहे. ते तुम्ही लावलंत. काल रात्री मला पंचाहत्तर वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. तुमच्यासारखीच एक आई.'

पहाटे खिडकीशी उभी होती ती! झोप कसली लागली होती? पण मी काही बोलले नाही.

बाहेर आलो आणि आई थेट रस्ता ओलांडून कठड्याशी गेली. पूर्वीसारखीच समुद्राकडे पाठ करून बसली. आमची खिडकी कोणती, ते शोधू लागली. आम्ही शेंगदाणे घेतले. (आता ते एका आण्याला मिळत नाहीत, हे सांगायला नकोच!)

भाचीनं विचारलं, "मग आजी, दीड महिन्याचा किराणा वसूल झाला का?"

आई म्हणाली, "बाबा म्हणायचे तेच खरं गं. आतून समुद्र छान दिसतो, पण हॉटेल दिसत नाही. ते तुझ्या वहीत दिसलं."

वहीतला हिशेब असा होता: दिसलेली माणसं सतरा, न दिसलेली मोजता आली नाहीत.

तर दोस्तांनो, ताजमहाल हॉटेलात राहायला जाणं सगळ्यांना जमेल असं नाही, आणि तशी गरजही नाही. पण अशी वही कुठंही घालता येते. पुढच्या वेळी लग्नाच्या पंगतीत बसाल, एस.टी.नं गावाला जाल किंवा शाळेत डबा उघडाल, तेव्हा पानावर मधोमध एक रेघ मारा आणि माणसं मोजून पाहा. उजव्या बाजूला किती नावं आली, ते आम्हाला जरूर कळवा. आणि त्यातल्या एकाला तरी चिठ्ठी लिहा. लाडू असला तर उत्तमच!