सेट झालास का?

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा नुकताच कॅनडाला शिकायला गेला. पाठीला दप्तर लावून शाळेच्या बसची वाट बघायचा, तेव्हापासून मी त्याला ओळखते. तो पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या आईने, भाभीजींनी, मला खाली हाक मारली. टीपॉयवर स्टीलच्या ग्लासाला टेकवून फोन उभा केला होता आणि त्याच्यासमोर आजी, चाचा-चाची, दोन मावश्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्यांचा एकच प्रश्न, "पुत्तर, सेट हो गया?" तो "हाँ जी, हाँ जी" म्हणत होता. त्याच्यामागे पांढऱ्या भिंतीचा तुकडा आणि खिडकीची कड एवढंच दिसत होतं. चाचांनी टोरांटोच्या टॉवरसमोरचा फोटो मागितला. त्याने "भेजता हूँ" म्हटलं आणि कॉल संपला.

मला त्या प्रश्नाचा राग आला, आणि अजून गेलेला नाही.

चंदीगडमध्ये परदेशी जाणं हा किती मोठा व्यवहार आहे ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. सेक्टर १७ आणि ३४ मध्ये व्हिसावाले आणि इंग्रजीचे क्लास माळ्यामाळ्यावर आहेत, मुलं भेटली की आधी इंग्रजीच्या परीक्षेचे "कितने बैंड आए?" विचारतात. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठीचे नियम कडक केले. खात्यात दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ वर नेली, परवान्यांना मर्यादा घातली आणि झटपट परवान्याची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केली. म्हणजे आता जाणारं मूल घराचं आणखी मोठं कर्ज डोक्यावर घेऊन जातं. त्याच्याकडून कागद, बँड, मुलाखत सगळं घोटून घेतात. पहिल्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत काय करायचं, याची तयारी मात्र कुणीच करून घेत नाही.

दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला फोन वाजला. सुखना तलावावरची माझी पहाटेची फेरी त्याला ठाऊक आहे. मी उठलेली असणार हे त्याला माहीत. त्याच्याकडे आदल्या रात्रीचे आठ वाजले होते. "आंटीजी, आप वो पीली दाल कैसे बनाते हो?" मी म्हटलं, अरे, मम्मीला विचार की. तर म्हणाला, मम्मीला विचारलं तर तिला कळेल की मी जेवत नाहीये. मग त्याने कॅमेरा फिरवला. ब्रॅम्प्टनमधल्या एका घराचं तळघर. खिडकी छताला लागून, बाहेरून जमिनीच्या उंचीवर. गादी जमिनीवर. दोन बॅगा एकावर एक ठेवून केलेलं टेबल आणि त्यावर आईने दिलेल्या पिन्नीच्या लाडवांचा डबा, जवळपास रिकामा. इतके दिवस ब्रेड आणि पिन्नी एवढंच पोटात. कालपासून बसच्या ड्रायव्हरला 'थँक यू' म्हटलं, तेवढंच बोलणं झालं म्हणाला. मी त्याला मुगाच्या डाळीचं वरण सांगितलं, हिंग-हळद घालून, आणि डाळ शिजेपर्यंत फोन चालू ठेवला. हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आनंदीबाई जोशी आहेत. त्यांचं आपण पहिली डॉक्टर म्हणून कौतुक करतो, अठराव्या वर्षी परक्या देशात उतरलेली मुलगी म्हणून त्यांच्याकडे फारसं बघत नाही. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला पोहोचल्या. बंदरावर थिओडिशिया कार्पेंटरबाई आल्या होत्या. दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या असताना एका मिशनरी मासिकात या बाईंना आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचायला मिळालं होतं. तेवढ्यावरून त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला आणि मुलीला थेट रोझेल गावातल्या आपल्या घरी नेलं. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानलं. फिलाडेल्फियाचं कॉलेज सुरू व्हायचं होतं ऑक्टोबरमध्ये. म्हणजे अख्खा उन्हाळा त्यांना एक नांदतं घर मिळालं, आणि शाकाहार सांभाळत, आपल्या पद्धतीने राहत, तिथलं जगणं हळूहळू अंगवळणी पाडता आलं. आमच्या मुलाचं कॉलेज पाचव्या दिवशी सुरू झालं.

तरीही हिवाळ्याने त्यांना गाठलंच. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या आणि तसं त्यांनी नवऱ्याला कळवलं. साडी कशी नेसायची याचा खुलासा हजारो मैलांवर करावा लागावा! गोपाळरावांनीच त्यांना शिकवलं, त्यांनीच पाठवलं, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्यांच्या पत्रांत टोचणीही असे, आणि थंडी, अभ्यास, आजारपण यांच्या जोडीला त्या मुलीने तीही सोसली. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. घरून येणारा शब्द किती जड पडतो, हे त्यांच्याबद्दल वाचताना पुन्हा पुन्हा जाणवतं. तेव्हा पत्र जाऊन उत्तर यायला महिने लागत. आता दिवसातून चारदा फोन जातो, म्हणून आपण जास्त जपून बोलायला हवं.

बाबासाहेबांचंही आठवा. १९१३ च्या जुलैत ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले आणि हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण रुचेना, तेव्हा ते भारतीय विद्यार्थी राहत त्या क्लबात गेले, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना सोबत राहिले आणि ते जन्माचे मित्र झाले. पहिली जागा मानवली नाही, म्हणून त्यांनी ती सोडली. आज एखाद्या मुलाने पंधरा दिवसांत खोली बदलतो म्हटलं, की घरात लगेच चिंतेची बैठक भरते.

भाभीजींशी मी बोलले. त्या रडल्या, मग म्हणाल्या, आता मी एकटीच फोन करीन, खोलीचं दार लावून. चाचांना फोटोसाठी थांबावं लागेल. तुमच्याही घरातलं कुणी या महिन्यात गेलं असेल, तर एवढं करा: काय खाल्लंस, झोप लागते का, कुणाशी बोललास, एवढंच विचारा. आणि "बरं वाटत नाही" असं उत्तर आलं तर लगेच उपाय सांगू नका, त्याला बोलू द्या.

आणि टोरांटो-ब्रॅम्प्टनकडे राहणाऱ्या वाचकांनो, मराठी भाषिक मंडळाच्या गणपतीत तुम्हाला नवी मुलं दिसतीलच. त्यांतल्या एखाद्याला, आणि तुमच्या गल्लीतल्या तळघरात राहणाऱ्या कुठल्याही भाषेच्या मुलाला, येत्या रविवारी जेवायला बोलवा. निघताना डबा भरून द्या आणि पुढच्या रविवारचं आमंत्रण तेव्हाच द्या, कारण ही मुलं आपणहून दार वाजवणार नाहीत.