भट्टी सिलॅबसबाहेर

पहाटेची कसारा लोकल धरून मी अर्थशास्त्र शिकायला जातो. पुस्तकात एक विकणारा, एक घेणारा. दोघंही मोकळे, दोघंही शहाणे. फळ्यावर दोन रेघा छेदल्या की मजुरी ठरली. डस्टर फिरलं, विषय संपला.

आता आमचा फळा बघा. दिवाळी सरली की आमच्या बौद्धवाड्याशेजारची कातकरीवाडी ओस पडते. पावसाळ्यात चूल विझली तेव्हा घेतलेला बयाणा अंगावर असतो. टेम्पो येतो, आणि नवरा-बायको, पोरं, कोंबड्यांसकट बिऱ्हाड वीटभट्टीवर उतरतं. मजुरी हजार विटांवर. हातात पडते फक्त आठवड्याची खर्ची. हिशेब पावसाच्या तोंडावर. वही मालकाची, पेनही मालकाचं. बयाणा फिटला नाही तर पुढच्या साली तीच भट्टी. दुसरा मालक जास्त देतो म्हणून उठून जायची सोय नाही. सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारा दोस्त आज तिथं विटा थापतोय. त्याची रेघ कुठं छेदली?

वर्गात हेच विचारलं. सर म्हणाले, "अरे, हे सिलॅबसमध्ये नाही." मागं कुणीतरी हसलं. (त्याच्या बंगल्याची वीट कुठली, ते मी विचारलं नाही.)

1937 साली रोनाल्ड कोजनं विचारलं, बाजार एवढा गुणाचा तर फर्म लागतेच कशाला? उत्तर त्याचंच: दर खेपेला भाव ठरवणं महाग पडतं, म्हणून माणूस हुकमाखाली घ्यायचा. हे आम्ही घोकतो. त्याच 1937 साली बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती मोडायचं बिल मांडलं. कोज शिकला त्याच लंडन स्कूलची डी.एस्सी. त्यांनी 1923 साली घेतलेली. हुकूम कुणाचा आणि मरण कुणाचं, हा त्यांचा सवाल. कोज पेपरात येतो. बाबासाहेब फक्त 14 एप्रिलला, हारात.

करार म्हणजे राजीखुशी, असं शिकवता ना? मग आशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा 1982चा निकालही शिकवा. किमान वेतनाखाली राबवून घेणं ही कलम 23मधली वेठबिगारी, आणि भुकेची सक्ती हीही सक्तीच, असं कोर्ट म्हणालं. वेठीचं कर्ज फेडायची जबाबदारी तर 1976च्या कायद्यानंच संपवली. म्हणजे त्या वहीतला आकडा मुळात शून्य! हे वाडीवर कुणी सांगायचं? डिग्रीवाल्यांनी नाही तर कुणी?

या जूनला बिऱ्हाडं परतली की आम्ही पोरं वाडीवर बसून एकेकाचा हिशेब मांडणार आहोत. सरांनाही सांगितलंय. कसारा शेवटचं स्टेशन आहे, चुकायची भीती नाही.