काना गावचे लग्न आणि आमचे लग्न

लग्नातील उधळपट्टीविषयी कुणी अवाक्षर काढले, की आपल्या समाजात एक उत्तर तयारच असते: ‘‘प्रभूनेसुद्धा काना गावी पाण्याचा द्राक्षारस केलाच ना!’’ हे उत्तर बिनतोड समजले जाते आणि प्रश्न विचारणारा अरसिक ठरतो. परंतु ज्या शुभवर्तमानाची ढाल पुढे केली जाते, ते नीट वाचण्याचे कष्ट आपण कधी घेतले आहेत काय?

संत योहानाने सांगितलेल्या त्या प्रसंगात द्राक्षारस संपला आहे आणि यजमानाची लाज जाण्याची वेळ आली आहे. ही उणीव प्रथम ध्यानी येते ती पवित्र मरियेच्या. पुढे सहा दगडी रांजण काठोकाठ भरले जातात. आजच्या मापाने एकेका रांजणात सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावत असावे. प्रभूने हात आखडता घेतला नाही, हे निर्विवाद. मात्र तो द्राक्षारस कुठून आला, हे भोजनप्रमुखालाही कळले नाही. ते ठाऊक होते केवळ पाणी भरणाऱ्या नोकरांना. शाबासकी मिळाली ती नवरदेवाला. ज्याने दिले तो अज्ञात राहिला आणि ज्याची अब्रू जाणार होती त्याची अब्रू राहिली. आमच्या लग्नांत याच्या नेमके उलटे घडते. ज्याने खर्च केला तो व्यासपीठावर झळकतो आणि शेजारच्या गरिबाची अब्रू मात्र पणाला लागते.

गरज आणि हाव यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. आनंद ही माणसाची गरज आहे. गोतावळ्यासह पंगतीला बसणे हीही गरजच आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाने सुतकी चेहऱ्याने लग्न लावावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. हाव आहे ती प्रतिष्ठेची. आनंद वाटल्याने वाढतो. प्रतिष्ठा मात्र दुसऱ्याला खाली दाखविल्यावाचून उभीच राहत नाही.

आमच्या वसईत एके काळी लग्न गावाचे असे. झावळ्यांचा मांडव शेजारी घालीत, तांदूळ शेजारणी निवडीत. आता लग्न एका कुटुंबाचे झाले आहे आणि गाव केवळ प्रेक्षक उरला आहे. एकाने सभागृह घेतले की दुसऱ्याला हिरवळीचे लॉन हवे. एकाच्या घरी छायाचित्रकार आला की दुसऱ्याच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालणार! ज्याची ऐपत आहे त्याच्यासाठी ही हौस असते. परंतु ज्याची ऐपत नाही, त्या बापाला ‘लोक काय म्हणतील’ या धाकापोटी तीच हौस गरज वाटू लागते. मग कर्ज निघते, नाहीतर वाडीचा तुकडा विकला जातो. एका संध्याकाळचे दिवे विझतात. हप्ते मात्र वर्षानुवर्षे विझत नाहीत.

‘‘पैसा माझा आहे, कुणाच्या बापाचे काय जाते?’’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच, की शेजारच्या मुलीच्या बापाचे जाते!

निर्गमाच्या पुस्तकात मान्ना माणशी एक ओमर मिळे. अधिक गोळा करणाऱ्याला उरले नाही, थोडे गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही. हुकूम मोडून रात्रभर राखून ठेवलेल्या मान्नात किडे पडले. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात याच मान्नाचा दाखला दिला, तो यरुशलेममधील गरजू भाविकांसाठी मदत गोळा करताना. म्हणजे माझी गरज किती, हे माझ्या तिजोरीकडे पाहून ठरत नाही. शेजाऱ्याच्या रित्या हंड्याकडे पाहून ठरते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रात अधिक चांगले जगण्याची इच्छा निषिद्ध मानलेली नाही. माणूस म्हणून वाढण्याऐवजी केवळ संग्रह वाढविणारी जीवनशैली त्यांनी चुकीची ठरविली आहे.

या खर्चाने केटररचे, बँडवाल्यांचे पोट भरते, असा युक्तिवादही ऐकू येतो. गरिबाचे गळके छप्पर दुरुस्त केले तर सुताराचे आणि गवंड्याचे पोट भरत नाही काय?

तेव्हा धनिक बांधवांना माझी विनंती आहे. ती आव्हान वाटली तरी हरकत नाही. काटकसरीचे धडे गरिबांना देऊ नका. पहिले पाऊल तुम्ही उचला. गावातील सर्वांत गरीब घराला कर्ज न काढता लावता येईल, अशा बेताचे लग्न तुमच्या घरी लागू द्या. पंगत भरपूर वाढा, गाणी पहाटेपर्यंत गा; परंतु जे वाचेल त्यातून कुणाच्या घरचा द्राक्षारस संपला आहे ते शोधून, नाव न सांगता, त्याचे रांजण भरा.

मग काना गावच्या लग्नाचा दाखला अवश्य द्या. तोवर प्रभूला आमच्या उधळपट्टीचा साक्षीदार म्हणून उभे करू नका.