शेजारचे बाक

मूल शाळेत किती शिकले याची नोंद प्रगतिपुस्तकात असते; पण शाळेत त्याला कोणी मित्र आहे काय, याची नोंद कोणत्याच वहीत नसते. विशेष शिक्षिकेच्या पेशात इतकी वर्षे घालविल्यावर मला असे वाटू लागले आहे की, दिव्यांग मुलाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न आधी विचारावयास हवा. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी शाळकरी मुले आहेत, म्हणून या महिन्यात त्याविषयीच चार शब्द लिहिते.

आमचा गलोंडा सिल्वासाच्या आसमंतातला. दादरा व नगर हवेलीचा हा मुलूख १९५४ साली पोर्तुगीजांच्या हातून सुटला. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, त्यामुळे मराठी घरांना या मुलखाचा थोडा अधिक जिव्हाळा वाटतो. येथील मूळ रहिवासी वारली, कोकणा, धोडिया. मूल घरी आपली बोली बोलते, बाजारात गुजराती ऐकते, आणि शाळेत त्याला गुजराती, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी एका भाषेच्या स्वाधीन व्हावे लागते. परप्रांतात संसार थाटलेल्या आपल्या कुटुंबांना हे निराळे समजावून सांगावयास नको. घरची भाषा एक व फळ्यावरची दुसरी, हा अनुभव आपल्या मुलांनीही घेतलेला आहे.

या भाषांच्या गर्दीत माझे काम अवघड होते. सात-आठ वर्षांचे मूल पुढे आणून सांगितले जाते, "याला काही समजत नाही." चित्र दाखवून पुस्तकी शब्द विचारला की ते मान खाली घालते. घरची बोली जाणणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलीला शेजारी बसविले, की तेच मूल कोंबडी, नांगर, नागलीचे शेत, सारे ओळखून दाखविते. त्याच्या बुद्धीत काहीच उणे नसते. याच्या उलटही घडते. एखाद्या मुलाला खरोखरच ऐकू येत नसते. पण 'अजून शाळेची भाषा येत नाही', 'लाजरा आहे', असे म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात. भाषा शिकण्याची ही मोलाची वर्षे एकदा गेली की भरून काढणे फार कठीण. म्हणून मूल गप्प असेल तर त्याला कोणतेही विशेषण लावण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत आणि त्याच्या घरच्या बोलीत त्याच्याशी बोलून पाहावे.

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. ज्याचे अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक आहे, अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे. शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणूक यांतही त्याला इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, असे हा कायदा सांगतो. तथापि कायदा बाक देऊ शकतो. शेजारी कोण बसेल, हे त्याला ठरविता येत नाही.

ते मुलेच ठरवितात, आणि वडीलधाऱ्यांनी फार लुडबुड केली नाही तर पुष्कळदा चांगले ठरवितात. ऐकू न येणारा एक मुलगा कबड्डीत शिरला, तेव्हा 'कबड्डी कबड्डी' म्हणावयाचे कसे, हा पेच पडला. मुलांनी आपसांत निकाल लावला: दम टिकेतोवर त्याने एक हात वर धरावा, दम सुटला की खाली आणावा. हा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. शिक्षकांसाठी मिशीवर पीळ, पाण्यासाठी अंगठा ओठांशी, अशा खुणाही त्यांनीच तयार केल्या. पुढे तो मुलगा भांडू लागला, चिडीचा डाव खेळू लागला, आणि मला मनापासून बरे वाटले. ज्याच्याशी भांडता येते तोच सवंगडी.

येथे एक धोका मात्र आहे. वर्गातील एखादी गुणी मुलगी निवडून 'तू याला सांभाळ' असे सांगितले जाते. ती त्याचे दप्तर उचलते, पाणी आणते, आणि हळूहळू त्याची सेविका होते. घरी तर हा भार बहुधा मोठ्या बहिणीवरच पडतो. आईबाप कारखान्याच्या पाळीवर किंवा शेतावर, भाऊ चालू न शकणारा. म्हणून बहीण चौथी-पाचवीतच शाळा सोडते. अशा घरात एका मुलाच्या अपंगत्वापायी दोन मुलांचे शिक्षण बुडते, आणि दुसऱ्याची गणती कोठेच होत नाही. भावाला शाळेत आणण्याची सोय झाली, की बहिणीचाही मार्ग मोकळा होतो. यासाठी मी घरी गेले की भावाच्या आधी बहिणीची चौकशी करते.

आमच्यापासून फार दूर नसलेल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच ओळखले होते. लहान भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मुली येत नाहीत, तर त्या भावंडांसाठी बालवाडी. गुरे राखावी लागतात म्हणून मुले येत नाहीत, तर कुरणावरच शाळा. मुलाला दोष न देता शाळेने आपली रीत बदलावी, हा त्यांचा धडा विशेष शिक्षणालाही तंतोतंत लागू पडतो. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ साली 'प्रबोधिनी' सुरू केली, तीही स्वतःच्या मुलाची गरज ओळखूनच.

आता वाचकांकडे एक मागणे. आपल्या मुलाच्या वर्गात असे एखादे मूल असेल तर 'बिचारा' हा शब्द घरातून काढून टाकावा. मुले तो फार लवकर उचलतात. त्या मुलाचे नाव आपल्या मुलाला ठाऊक आहे काय, हे विचारावे. वाढदिवसाला त्याला बोलवावे, त्याच्या आईलाही बोलवावे. तिला अशी बोलावणी क्वचितच येतात. आणि आपल्याच घरी असे मूल असेल तर पाहुणे आल्यावर त्याला आतल्या खोलीत नेऊ नये.

बसल्या जागी खेळता येतील अशा काही खेळांविषयी पुढील महिन्यात लिहीन.