रेडिओ आपला, तर वर्गणीही आपलीच!

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. तरीही स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडायला २००६ साल उजाडावे लागले. तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूर गावात २००८ मध्ये 'संघम रेडिओ' सुरू झाला. दलित स्त्रिया तो चालवू लागल्या. बियाणे, भरड धान्य, औषधी वनस्पती, गाणी. सगळे त्यांच्याच बोलीत. दिल्लीच्या कोणत्या स्टुडिओला हे सुचले असते?

पण परवाना मिळाला म्हणजे रेडिओ चालला असे नाही. वीजबिल, यंत्रदुरुस्ती, मानधन दरमहा लागते. जाहिरातींना २००६ च्या धोरणात तासाला फक्त ५ मिनिटे होती. पुढे ती वाढली. पण पाच-दहा किलोमीटरच्या टापूत मोठा जाहिरातदार येणार कुठून? उरते सरकारी जाहिरात. मग सरकारच्या पैशावर जगणारे केंद्र दलित वस्तीचा नळ कोरडा का, हे विचारील काय? स्वतःच्या बातम्या द्यायला तर बंदीच आहे. ही बंदी उठलीच पाहिजे.

यावर उपाय एकच: श्रोत्यांची वर्गणी. अमेरिकेत बर्कलीच्या केपीएफए केंद्राने १९४९ पासून हाच मार्ग धरला. "ते अमेरिकेत चालते, इथे नाही," असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली. पण पत्र एका दात्यावर नव्हे, वर्गणीदारांवर टिकते. ते पुरेसे मिळाले नाहीत, की समाजाचा आवाज बंद पडतो. हा धडा आपण अजून गिरवलेला नाही.

१४ एप्रिलला आपल्या वस्त्या वर्गणी काढतातच. डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशातला काही वाटा रेडिओला का देऊ नये?

मात्र वर्गणी मागण्याआधी कार्यक्रम बदलले पाहिजेत. दिवसभर सिनेमाची गाणी ऐकवणाऱ्याला लोक पैसे का देतील? शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार कशी नोंदवायची, रोजगार हमीची मजुरी अडली तर दाद कुठे मागायची, हे सांगा. आठवड्यातला एक तास श्रोत्यांच्या प्रश्नांना द्या. आणि दर महिन्याला जमाखर्च माईकवरून वाचून दाखवा. हिशेब ऐकलेला माणूस पुढच्या वेळी दहाचे वीस देतो.

ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच हाती माईक राहतो. माईक आपला हवा असेल तर खिशात हात घालावाच लागेल.

जय भीम!