पाणी गेल्याची वेळ

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

गरोदरपणातील तपासण्यांमध्ये ज्याचा उल्लेख क्वचितच होतो, त्या ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस ऊर्फ जीबीएस या जिवाणूसंबंधी हे खुले पत्र आहे. गोठ्यात ‘दगडी’ म्हणून परिचित असलेला कासेचा आजार ज्या जिवाणूंमुळे होतो त्यांपैकी हा एक असून, ‘दूध न येणे’ या अर्थाचे त्याचे शास्त्रीय नाव, ॲगॅलॅक्टिए, तिथूनच आले. स्त्रीच्या आतड्यात व योनिमार्गात तो बिनबोभाट राहतो, आणि त्याचा स्वच्छतेशी किंवा वागणुकीशी काही संबंध नसतो, हे सासरच्यांनाही स्पष्ट सांगायला हवे. बाळंतपणात मात्र तो बाळापर्यंत पोचू शकतो. उपचार न मिळालेल्या अशा मातांच्या दर शंभर बाळांपैकी एका-दोघांना पहिल्या आठवड्यात, बहुधा पहिल्या चोवीस तासांतच, रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होतो.

अमेरिकेत गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत सर्व स्त्रियांची चाचणी करून, जिवाणू आढळलेल्यांना कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देण्याची पद्धत रुळली, आणि १९९०च्या दशकारंभी हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १.८ असलेले या आजाराचे प्रमाण २०१५पर्यंत ०.२३वर आले. तीच पद्धत इथे जशीच्या तशी आणावी, असे या पत्राचे म्हणणे नाही. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या अभ्यासात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात क्लेब्सिएला व ॲसिनेटोबॅक्टर हे जिवाणू आघाडीवर होते, जीबीएस क्वचितच आढळला. तथापि, रक्ताचा नमुना घेण्याआधीच दगावलेले बाळ कोणत्याच मोजणीत येत नाही. शिवाय योनिमार्गाबरोबर गुदद्वारातूनही स्वॅब घेतला नाही, किंवा जिवाणूंची वाढ करणाऱ्या खास द्रावणात तो ठेवला नाही, तर मातेतील जिवाणूही निसटतो. म्हणून राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी योग्य रीतीने मोजणी करावी, एवढीच चाचणीबाबत मागणी आहे.

ज्यासाठी मोजणीची वाट पाहण्याचे कारण नाही, ते काम प्रसूतिकक्षातले आहे. सदतीस आठवड्यांआधी कळा येणे, मातेला ताप असणे, पाणी जाऊन अठरा तास उलटणे, लघवीत हा जिवाणू सापडणे किंवा आधीच्या बाळाला हा आजार झालेला असणे, ही धोक्याची लक्षणे मानून जन्माच्या किमान चार तास आधी पेनिसिलिन वा ॲम्पिसिलिन सुरू करणे हिताचे असते. गरोदरपणात आधीच गोळ्या देऊन उपयोग होत नाही, कारण जिवाणू पुन्हा वस्ती करतो. पण पहाटे तीनला घरी पाणी गेलेली बाई प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवली गेली, तर अठरा तास कोणी मोजायचे? पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यावर, त्या वेळेसाठी रकाना असतो. पुढे पाठवताना तो तास चिठ्ठीवर आणि जन्मानंतर बाळाच्या केसपेपरवर उतरला पाहिजे.

आशाताईंची पहिली गृहभेट संस्थेतील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी असते, तोवर या आजाराची पहिली लाट बहुतांशी येऊन गेलेली असते. म्हणून दूध न ओढणारे, कण्हणारे, अंग सैल सोडलेले बाळ पहिल्याच दिवशी ओळखण्याची जबाबदारी वॉर्डातील परिचारिकांवर येते. पाणी गेल्याची वेळ आईच्या चिठ्ठीवर व बाळाच्या कागदावर लिहिणे बंधनकारक करणारे परिपत्रक विभागाने विनाविलंब काढावे, ही विनंती.

कळावे.